कोऱ्या नकाशावरची बोट

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या आठवीच्या पोरांना भूगोल नको वाटतो हे वाचून राहवलं नाही.

भिंतीवरचा नकाशा मी हल्ली गुंडाळूनच ठेवतो. त्याऐवजी जगाचा कोरा नकाशा, प्रत्येकाला एक झेरॉक्स. नावं नाहीत, रंग नाहीत, नुसत्या किनाऱ्यांच्या रेघा. नावं छापलेली असली की पोरं ती वाचून मोकळी होतात. कोऱ्या कागदावर आकार बघावाच लागतो.

2024 च्या सुरुवातीची गोष्ट. एका मुलीचे बाबा बोटीवर असतात. तिनं विचारलं, “सर, बाबा यंदा सुएझवरून नाही, फिरून जाणारेत. म्हणजे कुठून?” साऱ्या वर्गानं पेन्सिली काढल्या. आधी नेहमीची वाट: अरबी समुद्र, बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी, तांबडा समुद्र, सुएझ कालवा. मग ती खोडली. तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यापासून कितीतरी बोटी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालत होत्या. आफ्रिकेच्या कडेनं रेघ संपता संपेना. दहा-बारा दिवस जास्त का लागतात, हे मला सांगावंच लागलं नाही. ती मुलगी मात्र कागदाकडे बघत गप्प बसली होती.

तेवढ्यात एकजण म्हणाला, “पण ग्रीनलंडही आफ्रिकेएवढंच आहे की!” चूक त्याची नव्हती, मी छापलेल्या नकाशाची होती. तो मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीचा, पद्धत 1569 सालची. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर त्यावर वाट सरळ रेघेत येते, म्हणून दर्यावर्दींना सोयीचा. पण ध्रुवांकडची जमीन तो फुगवतो. खरी आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे रे!

दुसऱ्या दिवशी समक्षेत्र नकाशा, म्हणजे क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारा, छापून नेला. दोन्हींतून भारत कापून ग्रीनलंडवर ठेवायला लावला. मर्केटरवर आपला भारत ग्रीनलंडच्या पोटात हरवला. दुसऱ्यावर आकार जुळत नव्हते, पण कागद भारताचाच जास्त. भारत 32.87 लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड सुमारे 21.66 लाख. आकडे मी नंतर लिहिले, आधी कात्री.

दोन्ही नकाशे सोबत पाठवतोय. मोठे करशील तेव्हा लांबी-रुंदी सारख्याच प्रमाणात वाढव, नुसतं आडवं ताणू नकोस. आणि भारताचा वेगळा नकाशा हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचाच घे. इंटरनेटवरच्या कितीतरी नकाशांत काश्मीरची हद्द चुकीची असते.

त्या मुलीचे बाबा सुखरूप आले. तिचा कागद पाठवता आला नाही, तो तिनं घरी लावलाय.

तुझा,
मास्तर