सालामांकाच्या माणसांचे मनापासून आभार

पुण्याहून आम्ही अकराजण स्पॅनिश शिकायला स्पेनमधल्या सालामांकात चार आठवडे राहून आलो. १२१८ सालापासून विद्यापीठ असलेलं हे गाव; पण आम्हांला बोलतं केलं ते वर्गाबाहेरच्या माणसांनी. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजी आम्हां दोघी शाकाहारींसाठी मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालायच्याच नाहीत. जेवताना आमचं एकेक क्रियापद न कंटाळता सुधारायच्या. मंडईतल्या भाजीवाल्या काकांनी ‘ग्रासियास’चा, म्हणजे ‘धन्यवाद’चा, तिथला उच्चार, ‘ग्राथियास’, जिभेचं टोक दातांत धरून दाखवला. एकीला रात्री ताप भरला, तेव्हा औषधाच्या दुकानापर्यंत सोबत आलेली मुलगी नाव न सांगताच निघून गेली. ताई, तेव्हा घाईत राहून गेलं, म्हणून आज सांगते: मुचास ग्राथियास!