आई-बाबा, धावपट्टीचा हिशेब असा असतो

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "दिल्लीला चार धावपट्ट्या, मुंबईला दोन. मग पायलट सरळ लांबची पट्टी का घेत नाही?" फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते. आणि आई, पुण्याला, लोहगावच्या विमानतळावर विमान उतरताना तू खुर्चीचे हात घट्ट धरून बसतेस, हे पत्र तुझ्यासाठीही आहे.

चालू पट्टी कुठली, हे टॉवर, म्हणजे विमानतळाचा नियंत्रण कक्ष, मुख्यतः वाऱ्यावरून ठरवतो. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि तसंच उतरतं. पट्टीवरचा आकडा म्हणजे दिशाच. लोहगावची 10 म्हणजे होकायंत्रावर 100 अंश, तोंड पूर्वेला. दुसऱ्या टोकाकडून तीच पट्टी 28. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असला की विमानं वाघोलीच्या अंगाने उतरतात, ती त्यामुळेच. लोहगावला आपल्या प्रवासी विमानांना एकच पट्टी, निवडीला जागाच नाही. 2021 च्या ऑक्टोबरात पट्टीचं काम निघालं तेव्हा विमानतळ चौदा दिवस बंद ठेवावा लागला. मुंबईच्या दोन पट्ट्या, एक साधारण 3,400 मीटर आणि दुसरी 2,900 च्या आसपास, एकमेकींना छेदतात. लांबची बंद असेल किंवा वारा आडवा येत असेल तर धाकटी वापरतात.

टॉवरने दिलेली पट्टी घेतलीच पाहिजे असं मात्र नाही. कॅप्टनचा हिशेब बसत नसेल तर तो "अनेबल", म्हणजे जमणार नाही, असं म्हणतो आणि दुसरी मागतो. फार तर थोड्या घिरट्या घालाव्या लागतात.

आता तो हिशेब. समजा, विमानाच्या वजनाला कोरड्या पट्टीवर थांबायला 1,300 मीटर लागतात. निघण्यापूर्वीच्या हिशेबात सुरक्षिततेसाठी त्याला 1.67 ने गुणतात: 2,171 मीटर. पट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर आणखी 15 टक्के: 2,497. लोहगावची लांबी सुमारे 2,535 मीटर. ती सगळी उतरायला मिळाली असं धरलं तरी चाळीसेक मीटरच शिल्लक! वजन थोडं वाढलं की हिशेब मोडतो. मग माल किंवा इंधन कमी करायचं, नाहीतर पाऊस थांबेपर्यंत थांबायचं. आणि 10 नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर, वारा मागून असला तर लागणारं अंतर साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतं. म्हणून मागच्या वाऱ्याची लांब पट्टी समोरच्या वाऱ्याच्या आखूड पट्टीपेक्षा वाईट ठरू शकते. बाबा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच.

आई, पावसात विमान धप्पकन टेकतं तेव्हा "काय हा पायलट!" असं तू म्हणतेस. ते बहुधा मुद्दाम असतं. टायरमध्ये हवेचा दाब 200 पीएसआय (दाबाचं माप) असेल तर साधारण 127 नॉटच्या वर चाक पाण्यावर तरंगू शकतं, आणि उतरतानाचा वेग बहुधा त्याहून जास्त असतो. अलगद टेकवलं तर चाक पाण्यावरून घसरत राहतं आणि ब्रेकला पकड मिळत नाही. जोरात टेकलं की पाणी फाटतं, चाक फिरू लागतं, पंखांवरच्या फळ्या उघडतात आणि सगळं वजन चाकांवर येतं. मला तरी पावसात अलगद लँडिंगपेक्षा ही धप्प बरी वाटते.

उड्डाणाचा हिशेब वेगळा. प्रत्येक वेळी व्ही-वन नावाचा एक वेग काढतात. त्याच्या आत इंजिन बंद पडलं तर उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे. नंतर पडलं तर एकाच इंजिनावर उडता आलं पाहिजे. तो वेग आला की कॅप्टन थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढून घेतो, म्हणजे थांबण्याचा मोह उरत नाही. पट्टी लांब असली की इंजिनाला पूर्ण जोर लावावा लागत नाही. बाहेर 30 अंश तापमान असलं तरी संगणकाला 50 सांगतात, म्हणजे तो इंजिनाला तेवढ्या गरम हवेतला कमी जोर देतो. इंजिन कमी तापतं, जास्त टिकतं. लांब पट्टीचा मोठा फायदा हा. आखूड पट्टीवर पूर्ण जोर लावला की पाठ खुर्चीला टेकते.

चूक कुठे होते तेही सांगते. मधल्या टॅक्सी-वेवरून (पट्टीला जोडणाऱ्या रस्त्यावरून) पट्टीवर शिरायचं आणि हिशेब मात्र पूर्ण लांबीचा करायचा, ही एक. ती टाळायला दोघे पायलट आकडे वेगवेगळे भरतात आणि ताडून बघतात. दुसरी जास्त घातक. 22 मे 2010 ला मंगळुरूची पट्टी 2,450 मीटर होती, पुरेशी होती. पण विमान निम्म्याहून जास्त पट्टी मागे टाकून टेकलं आणि 158 माणसं गेली. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला पावसात, मागच्या वाऱ्यात, तसंच जवळजवळ निम्म्या पट्टीवर टेकलं, 21 गेली. पट्टीच्या सुरुवातीपासून 300 मीटरच्या आसपासच टेकायचं असतं. तिथे टेकता येत नसेल तर पुन्हा वर जायचं. आई, उतरता उतरता विमान परत चढलं तर घाबरू नकोस. तो पायलट नियमाने वागतोय.

मे महिन्यातलं तुमचं तिकीट मी पहाटेचं काढलंय, ते यासाठीच. पुणे समुद्रसपाटीपासून 1,942 फुटांवर. दुपारी 40 अंश झाले की हवा इतकी विरळ होते, की विमानाला जणू 5,400 फुटांवरून, महाबळेश्वरहूनही उंचावरून, उडावं लागतं. पट्टी तेवढीच, पण धाव लांबते, आणि मग वजन उतरवायची वेळ येते. पहाटे तो त्रास कमी. बाबा, रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि गोळ्यांचा डबा हातातल्या पिशवीत असू द्या.

तुमची,
मनू