बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

कॅनबेरा,
१९ ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "विरोधी बाकावर बसून माणूस करतो तरी काय? आरडाओरडा करायचा, सभात्याग करायचा आणि घरी यायचं." ते ऐकल्यापासून माझ्या मनातून जाईना. तारांकित प्रश्न म्हणजे काय आणि लक्षवेधी म्हणजे काय, हे मला जेवताना ताटावर समजावून सांगणारे तुम्ही. अधिवेशन असलं की पेपरातलं विधिमंडळाचं पान कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. आता ते पान उघडतही नाही, असं आई म्हणाली. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आज सकाळी मी वेस्टन पार्कात गेले होते. बर्ली ग्रिफिन तलावाच्या काठी आहे, इथं कांगारू चरायला येतात. गवतातून लाकडी खांबांची एक लांबलचक रांग जाते, आणि मध्ये एके ठिकाणी तेच खांब बोटीच्या आकारात उभे केलेत. बोट खरी जेवढी होती तेवढ्याच मापाची. तिच्यात उभं राहिलं की कळतं, केवढीशी जागा आहे ती! पहिल्या वर्षी मला वाटलं, मुलांच्या खेळण्यासाठी काहीतरी केलं असेल. मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीनं सांगितलं, शाळेत असताना त्यातला एक खांब तिच्या वर्गानं रंगवला होता. उंच खांब मोठ्या माणसांचे, बुटके खांब मुलांचे. सगळे मिळून ३५३. बुटके १४६. तिच्याबरोबर परत गेले तेव्हा मी एका बुटक्या खांबावर हात ठेवला. तो माझ्या कमरेलाही लागत नव्हता.

१९ ऑक्टोबर २००१ ला ही माणसं समुद्रात बुडाली. बहुतेक इराकी आणि अफगाणी. इंडोनेशियातून ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाकडं निघालेली एक जुनाट, खचाखच भरलेली लाकडी बोट. सरकारी कागदांत तिला नावसुद्धा नव्हतं, पुढं 'सिव्ह एक्स', म्हणजे 'बेकायदा शिरणारी संशयित बोट, क्रमांक अज्ञात', असं नाव पडलं. त्यांत बायकामुलंच इतकी का होती, ठाऊक आहे? कितीतरी जणींचे नवरे आधीच इथं पोचले होते, त्यांना निर्वासित म्हणून मान्यताही मिळाली होती. पण तेव्हाच्या तात्पुरत्या व्हिसावर बायकोमुलांना बोलावून घ्यायची परवानगी नव्हती. बाबा, मला इथं येताना कागदपत्रांसाठी सात महिने थांबावं लागलं तर आपण किती कासावीस झालो होतो. या बायकांना थांबण्यासाठी तारीखच नव्हती.

त्याच महिन्यात आणखी एक बोट गाजत होती. ७ ऑक्टोबरला सरकारनं जाहीर केलं की निर्वासितांनी आपली पोरं समुद्रात फेकली. निवडणूक महिन्यावर आलेली. पुरावा म्हणून पाण्यातल्या माणसांचे फोटो दाखवले गेले. ते फोटो खरे होते, पण बोट बुडत असताना नौदल माणसांना वाचवत होतं तेव्हाचे. एकही मूल फेकलं गेलं नव्हतं. १० नोव्हेंबरला मतदान झालं, जॉन हॉवर्ड यांचं सरकार परत आलं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. लेबर पक्ष हरला होता. त्यांचे सिनेटमधले नेते होते जॉन फॉकनर, न्यू साउथ वेल्सचे सिनेटर. आपल्याकडं सिनेट म्हटलं की विद्यापीठाची आठवते, इथं ते संसदेचं वरचं सभागृह आहे. सभासद ७६. आपल्या विधान परिषदेत ७८, म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण हे थेट लोकांनी निवडलेले असतात, आणि १९४९ पासून मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीनं, त्यामुळं सरकारला तिथं बहुमत क्वचितच मिळतं. २००२ मध्येही नव्हतं. सगळी किल्ली इथं आहे. सरकार नको म्हणत असतानाही विरोधकांनी त्या 'मुलं फेकली' प्रकरणावर सिनेटची चौकशी समिती नेमली.

शिवाय इथं 'एस्टिमेट्स' नावाची गोष्ट असते, म्हणजे सरकारी खात्यांच्या खर्चाची सिनेटच्या समित्यांपुढं होणारी उलटतपासणी. आपल्या संसदेतही अंदाज समिती आहे, पण तिच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तिथं मंत्र्यांना बोलावत नाहीत. इथं मंत्री आणि खात्याचे सचिव शेजारी शेजारी बसतात, समोर सिनेटर, आणि सगळं उघड्यावर, थेट प्रक्षेपण. सकाळी नऊला सुरू झालेलं रात्री अकरापर्यंत चालतं. मी ज्या खात्यात कंत्राटावर आहे तिथं एस्टिमेट्स जवळ आलं की दोन आठवडे आधीपासून कुणाला दुसरं काही सुचत नाही. जाड फायली, रंगीत टॅब, एकेका आकड्याची तीन-तीनदा पडताळणी. गेल्या वेळी एका तक्त्याचं पान माझ्याकडं होतं. साहेब म्हणाले, "यावर दुसरा प्रश्न काय येईल ते शोध. पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडं असतं." तेव्हा तुमची आठवण झाली. मंत्र्याची खरी परीक्षा उपप्रश्नात असते, असं तुम्ही म्हणायचात.

फॉकनर हे उपप्रश्नाचे मास्तर. मी कामावर लागले तोवर ते निवृत्त झालेले, त्यांना प्रत्यक्ष पाहिलं नाही. पण संसदेच्या कामकाजाचा शब्दन् शब्द छापला जातो, त्याला हॅन्सार्ड म्हणतात, आणि रात्री जेवणं झाली की मी २००२ चं हॅन्सार्ड वाचत बसते. आवाज चढवलेला फारसा दिसत नाही. तुम्हाला हे कोणत्या दिवशी कळलं? कुणी सांगितलं? फोनवर की कागदावर? मग तुम्ही ते वर कुणाला सांगितलं? 'माहिती घेऊन कळवतो' असं उत्तर आलं की ते तेवढं पदरात बांधून ठेवतात आणि पुन्हा त्याच खुंटीवर येतात. शेजारी त्यांचे सहकारी रॉबर्ट रे. हे दोघं एकत्र बसले की अधिकाऱ्यांना घाम फुटायचा, असं इथले जुने लोक अजून सांगतात.

या विचारण्यातून काय निघालं ते बघा. संरक्षण दलाच्या हंगामी प्रमुखांनी साक्षीत सांगितलं की मुलं फेकल्याला पुरावा नाही, हे त्यांनी मंत्र्यांना मतदानाआधीच कळवलं होतं. आणि ३५३ माणसांच्या त्या बोटीबद्दल कुणी बोलत नव्हतं, ती चर्चेत आली. ती इंडोनेशियाच्या हद्दीत बुडाली असं पंतप्रधान म्हणाले होते. समितीपुढं आलेल्या सरकारी टिपणात मात्र ती आंतरराष्ट्रीय समुद्रात असण्याची शक्यता तेव्हाच नोंदलेली होती. सप्टेंबर २००२ मध्ये, दिवसाचं कामकाज संपताना कुणालाही कशावरही बोलता येतं त्या वेळात, फॉकनर लागोपाठ काही दिवस उभे राहिले. बोटी निघूच नयेत म्हणून ऑस्ट्रेलियन पोलीस इंडोनेशियात जी कारवाई करवत होते तिच्या मर्यादा कुठवर होत्या? कुणी बोटींची मोडतोड केली का? जीव धोक्यात घातले का? आरोप केला नाही. स्वतंत्र चौकशी मागितली. पोलिसांनी मोडतोडीचा इन्कार केला.

तुम्ही विचाराल, मग झाली का चौकशी? नाही झाली. समितीलाही ऑस्ट्रेलियन यंत्रणांची हयगय दिसली नाही, मात्र एवढी कडक पाळत असलेल्या समुद्राजवळ इतकी माणसं बुडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे विलक्षण आहे, असं तिनं लिहून ठेवलं. पुढं सिनेटनं न्यायालयीन चौकशीची मागणी केली. २००७ मध्ये फॉकनर यांचाच पक्ष सत्तेवर आला, ते स्वतः मंत्री झाले, तरीही झाली नाही. हे मला खुपतं आणि त्यावर पांघरूण घालावंसं वाटत नाही. मंत्री म्हणून त्यांनी एक केलं: एक दाखला देऊन कागद दडवायचा जो अधिकार मंत्र्यांना माहिती अधिकाराच्या कायद्यात होता, तो काढून टाकायचं विधेयक मांडलं, ते २००९ मध्ये मंजूर झालं. अकरा वर्षं विरोधी बाकावर बसून ज्या भिंतीवर डोकं आपटलं, तिची एक वीट.

पण बाबा, ते प्रश्न विचारलेच गेले नसते तर? ते टिपण कपाटात राहिलं असतं. वर्गातल्या पोरांना रंगवायला ३५३ हा आकडाच मिळाला नसता, असं मला आज त्या रांगेतून चालताना वाटत होतं. आणि आपल्या सांगोल्यानं गणपतराव देशमुख आबांना अकरा वेळा विधानसभेवर निवडून दिलं, त्यातली बहुतेक वर्षं ते विरोधी बाकावरच होते ना? टेंभू-म्हैसाळ योजनांच्या पाण्यासाठी त्यांनी किती वर्षं पाठपुरावा केला, हे मला तुम्हीच सांगितलंय.

तर एक मागणं आहे. पाणीयोजनेच्या खर्चाबद्दल तुम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, त्याला दीड ओळीचं उत्तर आलं आणि तुम्ही तो विषय सोडून दिलात, असं आई म्हणाली. पहिलं अपील ३० दिवसांत करावं लागतं. उत्तर आलेल्या पाकिटावरची तारीख बघा, माझ्या हिशेबानं अजून अकरा दिवस आहेत. अर्जाचा आणि उत्तराचा फोटो काढून मला पाठवा, चष्मा लावून नीट काढा, मागच्या वेळी कडा कापल्या गेल्या होत्या. मी मसुदा करून देते, तुम्ही तुमच्या अक्षरात उतरवून द्या. पहिलाच मुद्दा असा घालू: बिल कोणत्या तारखेला मंजूर झालं आणि त्यावर सही कुणाची?

आईला सांगा, तिनं दिलेला काळा मसाला अजून महिनाभर पुरेल. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची लेक