मार्गारेट कझिन्सची आठवण पुण्याने ठेवायलाच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयर्लंड आणि भारत म्हटलं की आपल्याकडे ॲनी बेझंट आणि भगिनी निवेदिता ही दोनच नावं निघतात. दोघींबद्दल आदर आहेच (बेझंटबाईंचा जन्म तर लंडनचा), पण तिसरं एक नाव आहे जे निदान पुणेकरांना तरी पाठ असायला हवं होतं, मार्गारेट कझिन्स. जानेवारी 2027 मध्ये तिच्या इथल्या सगळ्यात मोठ्या कामाला, म्हणजे पुण्यात सुरू झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेला, 100 वर्षं होतायत म्हणून आत्ताच लिहितेय, म्हणजे तुमच्या हाताशी वेळ राहील.

बाई मूळची आयर्लंडमधल्या बॉयल गावची, जन्म 1878 चा, संगीताची पदवी घेतलेली. नवरा जेम्स कवी, दोघंही पक्के शाकाहारी आणि थिऑसॉफिस्ट, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे असं मानणाऱ्या पंथाचे. 1908 साली हॅना शीही-स्केफिंग्टन वगैरे मैत्रिणींबरोबर तिने डब्लिनमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी संघटना काढली. नुसती निवेदनं देऊन काही होत नाही म्हटल्यावर या बायका रस्त्यावर उतरल्या. 1910 ला लंडनच्या निदर्शनांत पकडली गेली आणि एक महिना होलोवे जेलमध्ये काढला, मग 1913 च्या जानेवारीत डब्लिन कॅसलच्या, म्हणजे जिथून इंग्रज आयर्लंडचा कारभार बघायचे त्याच इमारतीच्या, खिडक्या फोडल्या आणि परत एक महिना, या वेळी टलामोरच्या जेलमध्ये. आम्हाला चोर-दरोडेखोरांसारखं नाही, राजकीय कैदी म्हणून वागवा ही मागणी, त्यासाठी अन्न सोडलं, आणि सरकारला ऐकायला लावलं. आपल्याकडे उपोषण हे सत्याग्रहाचं हत्यार म्हणून गाजायच्या आधीची ही गोष्ट आहे.

1915 मध्ये नवऱ्याला बेझंटबाईंच्या पेपरात काम मिळालं आणि दोघं मद्रासला आले ते कायमचेच. दुसऱ्याच वर्षी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कामात ती सभासद म्हणून आली, त्या विद्यापीठाची ती पहिली अभारतीय सभासद. 1917 ला मद्रासमधल्या अड्यारला वुमेन्स इंडियन असोसिएशन ही बायकांची संघटना निघाली त्यातही ती पुढे होती. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू आले तेव्हा बायकांच्या शिक्षणाबद्दल बोलायला तिने वेळ मागितली, तर उत्तर आलं की फक्त राजकीय विषय चालतील. ठीक आहे, मग राजकीयच घेऊ म्हणून तिने मताधिकाराची मागणी मांडली आणि डिसेंबरमध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ जाऊन भेटलं. लगेच काही पदरात पडलं नाही, 1919 च्या कायद्याने हा निर्णय प्रांतांवर ढकलला, पण 1921 मध्ये मद्रासने आणि मग मुंबई इलाख्याने बायकांना मत दिलं. मालमत्तेची अट होती त्यामुळे मोजक्याच बायकांना, पण दार तर उघडलं.

आता पुण्याचं. 1926 मध्ये तिने देशभरच्या बायकांना पत्रं पाठवली की आपापल्या भागात सभा घ्या, मुलींना कसलं शिक्षण हवं ते तुम्हीच ठरवा, ठराव करा आणि प्रतिनिधी निवडून पाठवा. मोबाईल नाही, काही नाही, सगळा कारभार पोस्टावर, आणि तरी गावोगाव सभा झाल्या. जानेवारी 1927 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात सगळ्या जमल्या, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या, आणि तिथेच अखिल भारतीय महिला परिषदेची सुरुवात झाली. विषय फक्त शिक्षण, राजकारण नको असं ठरलेलं. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीचं लग्न होत असेल तर ती शाळेत येणार कधी? त्यामुळे बालविवाहाचा विषय आलाच, आणि पुढे बालविवाह रोखणाऱ्या 1929 च्या शारदा कायद्यासाठी याच परिषदेने जोर लावला.

मला स्वतःला तिच्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच आहे. 1930 च्या दशकापर्यंत इथल्या बायका स्वतः लढ्यात उतरल्या होत्या, तेव्हा आता पुढारी त्यांनीच असावं, आपली तशी गरज उरलेली नाही, हे तिने ओळखलं आणि तसं लिहूनही ठेवलंय. मन लढ्यात होतं, तरी मागे सरली. संस्था काढणारे पुष्कळ असतात हो, खुर्ची सोडणारे किती? आणि मागे सरली म्हणजे घरी बसली असंही नाही, 1932 मध्ये सरकारच्या दडपशाहीच्या वटहुकमांविरुद्ध मद्रासमध्ये भाषण केलं, एक वर्षाची शिक्षा झाली आणि वेल्लोरच्या जेलमध्ये गेली. म्हणजे इंग्लंड, आयर्लंड आणि भारत, तिन्हीकडचे जेल एकाच सरकारने तिला दाखवले.

1943 नंतर पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, 1954 मध्ये अड्यारलाच गेली. आज नाव निघालंच तर 1919 ला आंध्रातल्या मदनपल्लीत टागोरांच्या ‘जन गण मन’चं नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, तिने केलं एवढ्यापुरतं निघतं. ते मोठं आहेच, पण बाकी सगळं आयुष्य त्याच्या मागे झाकलं जातं याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा विनंती अशी की 2027 च्या जानेवारीत आपण तिच्यावर आणि त्या परिषदेवर एक पूर्ण पान द्यावं, जमलं तर तेव्हाच्या मराठी पेपरांनी काय छापलं होतं तेही शोधून द्यावं. ज्यांच्या आजी-पणजी त्या परिषदेला गेल्या होत्या अशी घरं पुण्यात अजून नक्की असतील, कोणाकडे फोटो, पत्रं, वह्या असतील तर त्यांनी पेपरकडे पाठवाव्यात, असं एक आवाहन आत्तापासूनच छापलंत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, पुणे