पोर्क टाको आणि दोन मोठे चमचे जिरे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतली ‘मेक्सिकन पोर्क टाको’ची पाककृती वाचली. डुकराच्या मांसाची पाककृती मराठी वृत्तपत्राने नाक न मुरडता छापली याचा आम्हा वसईच्या ख्रिस्ती वाचकांना आनंदच झाला. पण साहित्याची यादी पाहून कपाळावर हात मारला. एक किलो बिनचरबीचे मांस, दोन मोठे चमचे जिरेपूड, मिरचीपूड, टोमॅटो केचप आणि कुकरच्या चार शिट्ट्या! हे मेक्सिकन असेल तर आमच्या लग्नातले पोर्क इंद्यालही मेक्सिकनच म्हणायला हवे.

मी क्रूझ जहाजांच्या गॅलीत, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरात, आचारी होतो, आता निवृत्त आहे. टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनहून सुटलेले आमचे जहाज मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर प्रोग्रेसोला लागायचे. तिथे समुद्र इतका उथळ की धक्काच ६.५ किलोमीटर आत बांधलेला. सुटी मिळाली की गॅलीतला एक सोबती मला आपल्या गावी, मेरिदाला न्यायचा. रविवारी सकाळी तिथल्या बाजारात ‘कोचिनिता पिबिल’ खायला झुंबड असते. मसाला चोळून, केळीच्या पानात बांधून, मुळात जमिनीतल्या भट्टीत शिजवायचे हे मांस. शिजले की त्याचे धागे आपसूक सुटतात. उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला रिकामे पातेले येते.

ही चव जिऱ्यावर उभी नाही, मिरचीवर तर नाहीच. ती आहे शेंद्रीची आणि आंबटाची. हो, तीच शेंद्री, जिचे काटेरी लाल बोंड आपल्याकडेही बागांतून दिसते आणि जिचा रंग लोण्याच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘ॲनाटो’ म्हणून छापलेला असतो. दीड किलो मांसाला तीन मोठे चमचे बिया घ्याव्यात. बिया विटकरी रंगाच्या, बोटांत चोळल्यावर रंग सोडणाऱ्या हव्यात. काळपट पडलेल्या निरुपयोगी. त्या इतक्या टणक असतात की संत्र्या-लिंबाच्या गरम रसात रात्रभर भिजवल्याशिवाय मिक्सर दाद देत नाही. सोबत आठ लसूणपाकळ्या सालासकट तव्यावर काळे ठिपके पडेपर्यंत भाजून, मग सोलून घालाव्यात. चमचाभर मिरी, ऑलस्पाइसचे (मिरीसारखे दिसणाऱ्या मसाल्याचे) सहा दाणे, तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चमचाभर ओरेगॅनो, मोठा चमचा मीठ. हे सगळे एकत्र अगदी मऊ वाटायचे. लाकडी पाटावर काही करू नका, डाग जन्मभर जात नाही.

युकातानमध्ये हे कडवट-आंबट संत्र्याच्या रसात वाटतात. आपल्याकडे एक वाटी संत्र्याचा रस आणि अर्धी वाटी लिंबाचा रस यावर काम भागते. ओरेगॅनोबद्दल मात्र एक सांगायला हवे. पिझ्झाच्या पुडीतला ओरेगॅनो पुदिन्याच्या कुळातला, मेक्सिकोतला आपल्या घाणेरीच्या कुळातला. पुडीतला चालतो, फक्त हात आखडता ठेवा. (कृपा करून कोणी कुंपणावरची घाणेरी घालू नका, ती विषारी आहे.)

मांस खांद्याचेच हवे, चरबीसकट. बिनचरबीच्या मांसाचे धागे होतील, पण खाताना कापूस चघळल्यासारखे वाटेल. मसाला रात्रभर मुरला की केळीचे पान आचेवर फिरवून मऊ करावे, त्यात मांस गुंडाळून घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावे आणि १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये साडेतीन ते चार तास विसरून जावे. काटा खुपसून फिरवला की मांस सुटले पाहिजे. आता खरी गोम: भांड्यात उरलेला लाल रस फेकायचा नाही. वरची थोडी चरबी काढून तो सोडवलेल्या मांसावर परत ओतायचा आणि मीठ-लिंबू तेव्हा पुन्हा चाखायचे. धागे सुटल्यावर आतले अळणी मांस उघडे पडते. बाहेरून कितीही मसाला चोळला असला तरी ही दुसरी चव घ्यावीच लागते. आपल्या पाककृतीत ही पायरीच नव्हती.

तिखट हवे त्याने वरून घ्यावे. तिथे हाबानेरो मिरची वेगळी वाढतात, सोबत आंबट रसात मुरवलेला लाल कांदा. खाली मक्याची मऊ तोर्तिया, म्हणजे टाकोची पोळी, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची. ती नसेल तर गव्हाचीही चालेल, उत्तर मेक्सिकोत गव्हाचीच खातात.

‘अस्सल’ वगैरे शब्दांचा मला सोस नाही. डुक्कर, संत्रे, लवंग, दालचिनी, जिरे हे सगळे स्पॅनिश लोकांमागोमाग तिकडे पोचले. त्याआधी तिथले मूळचे माया लोक त्याच भट्टीत हरीण आणि टर्की भाजत. तेव्हा अदलाबदल खुशाल करावी, पण केचपने नव्हे. पुढच्या रविवारी चौकटीत एवढी दुरुस्ती छापावी: मांस खांद्याचे, रस परत ओतावा, आणि जिरे घालायचेच तर अर्धा लहान चमचा.

– एक निवृत्त आचारी, वसई