जाम घाटातल्या पिकअपवाल्या दादांना

रविवारी आम्ही गाडीने इंदूरहून महेश्वरला गेलो होतो. सासूबाईंची फार दिवसांची इच्छा होती. अहिल्यादेवींनी १७९५ पर्यंत जिथून राज्यकारभार पाहिला तो राजवाडा, ती साधी गादी, देवघर, सगळं त्यांनी डोळे भरून पाहिलं.

परतताना जाम घाटात रेडिएटरचा पाइप फुटला. बॉनेटमधून वाफ, मोबाइलला रेंज नाही, त्यात आईंना चक्कर यायला लागली.

मिरचीची पोती भरलेली पिकअप बाजूला घेऊन तुम्ही उतरलात. आधी आईंना तुमच्या सीटवर बसवलंत, छोटा पंखा त्यांच्याकडे वळवलात. इंजिन निवेपर्यंत आम्हाला झाकणाला हात लावू दिला नाहीत. मग पाइपचं फाटकं टोक ब्लेडने कापलंत, उरलेला ओढून पुन्हा बसवलात, क्लिप आवळलीत आणि स्वतःचा पिण्याच्या पाण्याचा कॅन रेडिएटरमध्ये रिता केलात. एवढ्या उन्हात! वर महूपर्यंत आमच्या मागे सावकाश आलात. मालाला उशीर झालाच असणार.

पैसे पुढे केले तर म्हणालात, "पहले अम्मा को घर ले जाओ." नावही सांगितलं नाहीत.

दादा, आई आता बऱ्या आहेत, रोज तुमची आठवण काढतात. तुमचे मनापासून आभार. कुणी त्यांना ओळखत असेल तर एवढा निरोप नक्की पोचवा.