पट्ट्याची किंमत : मित्रास पत्र

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

जपानी व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असेल, तर तिथल्या विजेतेपदाच्या पट्ट्याला किंमत ती काय, हा तुझा प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे. आपल्याकडे लुटुपुटूची कुस्ती लावली तर प्रेक्षक मैदान डोक्यावर घेतील. तिथे मात्र जाणते प्रेक्षकसुद्धा पट्टा एकाच्या हातून दुसऱ्याकडे गेला की डोळे पुसतात. माझ्या मते त्या पट्ट्याला वजन आले ते दूरचित्रवाणीमुळे, आणि जिथे दूरचित्रवाणी नव्हती तिथे कुस्तीगिरांना ते वजन निराळ्याच मार्गांनी मिळवावे लागले.

१९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोच्या कुरामाए कोकुगिकान या सभागृहात रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा ही जपानी कुस्तीगिरांची जोडी अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंविरुद्ध उतरली. घरोघरी दूरचित्रवाणी संच नव्हते. शिम्बाशी स्थानकासमोर आणि अशाच चौकांत बसवलेल्या संचांपुढे लोकांची तोबा गर्दी झाली. (आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईत दारासिंगांशी लढताना पाहिलेला किंग काँग, तोही पुढच्याच वर्षी जपानमध्ये आशियाई विजेतेपदासाठी रिकिदोझानकडून हरला.) पुढे शुक्रवारी रात्री आठच्या प्रक्षेपणाला मित्सुबिशी इलेक्ट्रिकचे प्रायोजकत्व मिळाले, तेव्हा लढतींच्या मधल्या वेळात त्याच कंपनीच्या व्हॅक्यूम क्लीनरने रिंग झाडून काढली जात असे. सफाईची सफाई आणि जाहिरातीची जाहिरात! मे १९६३ मध्ये रिकिदोझान आणि मुखवटेधारी डिस्ट्रॉयर यांच्या लढतीला ६४ टक्के प्रेक्षकसंख्या लाभली. त्याच डिसेंबरात चाकूहल्ल्यानंतर रिकिदोझान वारला.

१९७२ मध्ये त्याच्या दोन शिष्यांनी कुस्तीच्या दोन कंपन्या काढून वेगवेगळे संसार थाटले : अंतोनियो इनोकीने न्यू जपान आणि जायंट बाबाने ऑल जपान. बाबाच्या घरात तीन मोठे पट्टे होते. त्यांतला इंटरनॅशनल हा रिकिदोझानच्या परंपरेतला, पीडब्ल्यूएफ हा खुद्द बाबाचा, आणि तिसरा युनायटेड नॅशनल. १८ एप्रिल १९८९ रोजी जम्बो त्सुरुताने स्टॅन हॅन्सनला हरवून हे तिन्ही पट्टे एकत्र केले. त्यानंतर २०१३ मध्ये नवा एकच पट्टा घडवला जाईपर्यंत ट्रिपल क्राउनचा, म्हणजे या एकत्रित विजेतेपदाचा, विजेता तीन पट्टे घेऊन मिरवत असे. पण खरी किंमत त्या धातूची नव्हती. पूर्वी मोठ्या लढती दोघेही रिंगबाहेर राहिल्याने किंवा कोणी बाद ठरल्याने अनिर्णित सुटत आणि प्रेक्षक हात चोळत घरी जात. बाबाने हा प्रकार बंद करत आणला. पाठ टेकली, पंचाने तीन मोजले, कुस्ती संपली. निकाल ठरलेला असला तरी तो स्वच्छ असावा, एवढ्या साध्या शिस्तीने मिसावा, कावादा, कोबाशी या ऑल जपानच्या कुस्तीगिरांच्या काळात त्या विजेतेपदाला मान मिळाला.

इनोकीचा स्वभाव अगदी उलटा. ४ ऑक्टोबर १९८७ रोजी, मुसाशी आणि कोजिरो या जुन्या तलवारबाजांच्या द्वंद्वयुद्धासाठी प्रसिद्ध असलेल्या गानर्‍यूजिमा या छोट्या बेटावर त्याने मासा साइतोशी लढत दिली. तिथे एकही प्रेक्षक बोलावलेला नव्हता आणि कोणतेही विजेतेपद पणाला लागले नव्हते. अंधार पडल्यावर मशालींच्या उजेडात दोघे झुंजत राहिले आणि लढत तब्बल दोन तास पाच मिनिटे चालली. मला ती अधूनमधून कंटाळवाणी वाटते, हे खरे. पण केवळ कॅमेऱ्यासाठी लढलेली कुस्ती म्हणून तिला तोड नाही.

कुस्तीगीर अत्सुशी ओनिताकडे ना वाहिनी होती ना परंपरा. १९८९ मध्ये त्याने एफएमडब्ल्यू ही स्वतःची कुस्ती कंपनी काढली आणि ४ ऑगस्ट १९९० रोजी टोकियोच्या शिओदोमे भागात टार्झन गोतोशी स्फोटक काटेरी तारांची लढत केली. रिंगच्या दोरांऐवजी तारा, आणि अंग तारेला लागले की स्फोट. 'तोक्यो स्पोर्ट्स' या वृत्तपत्राने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम लढत ठरवले. मे १९९३ मध्ये कावासाकीच्या मैदानावर टेरी फंकशी झालेल्या लढतीत तर वेळ लावलेला बॉम्बही होता. जिंकल्यावर ओनिता रिंगमध्ये परतला आणि बेशुद्ध फंकवर आडवा पडला, तोच स्फोट झाला. याला कोणी सवंगपणा म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण वैऱ्याला पाठीशी घालण्याचा तो क्षण कोणत्याही पट्ट्याहून जास्त बोलतो.

तुला एकच मालिका पाहायची असेल, तर काझुचिका ओकादा आणि केनी ओमेगा यांची पाहा. न्यू जपानने डिसेंबर २०१४ मध्ये स्वतःची इंटरनेट वाहिनी सुरू केल्यामुळे ती जगभर पोहोचली. जून २०१७ मध्ये ओसाकात साठ मिनिटांची मुदत संपली, तरी निकाल लागला नाही. निवेदक दर पाच मिनिटांनी किती वेळ झाला ते पुकारतो. पंचावन्न मिनिटांच्या पुकाऱ्याला सभागृहाचा आवाज कसा बदलतो, तो नीट ऐक. वर्षभराने त्यांना मुदत नसलेली, तीनपैकी दोन डावांची लढत मिळाली, ती या बरोबरीच्या पोटातूनच, आणि ओमेगाने आयडब्ल्यूजीपीचा, म्हणजे न्यू जपानच्या मुख्य विजेतेपदाचा, पट्टा जिंकला.

१९८७ पासून चालत आलेले ते विजेतेपद २०२१ च्या मार्चमध्ये दुसऱ्या एका विजेतेपदात विलीन करून नवे सुरू करण्यात आले. मला तो निर्णय आजही पटलेला नाही, आणि तिथल्या पुष्कळ जुन्या प्रेक्षकांनाही तो रुचला नाही. आता तूच सांग, किंमत नसलेल्या वस्तूसाठी कोणी इतके रागावते का?

घरी सर्वांस नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
विनायक